क्रमांकांमागील नावे : ‘इक्लिप्स्ड’ हे नाटक आणि लायबेरियाच्या यादवी युद्धातील स्त्रिया

प्रस्तावना

यादवी युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकास तह, जाहीरनामे, आयोगांचे अहवाल आणि आकडेवारी या साधनांवर प्रामुख्याने विसंबावे लागते. सेनानी, मध्यस्थ व मृत यांची दखल या साधनांत घेतली जाते. परंतु बंडखोरांच्या छावणीत चूल पेटवणाऱ्या, पाणी भरणाऱ्या आणि रात्री बोलावणे आले की उठून जाणाऱ्या स्त्रीचा माग तेथे क्वचितच लागतो. दनाई गुरिरा यांचे ‘इक्लिप्स्ड’ हे इंग्रजी नाटक नेमके या जागेवर बोट ठेवते. शीर्षकाचा अर्थ ‘ग्रहण लागलेल्या’ असा करता येईल. प्रस्तुत लेखात या नाटकाचा विचार लायबेरियातील युद्धोत्तर निःशस्त्रीकरणाच्या संदर्भात केला आहे.

युद्धाची पार्श्वभूमी

अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय वसाहतकारांनी १८४७ मध्ये लायबेरियाचे प्रजासत्ताक घोषित केले. त्यांच्या वंशजांची सत्ता १९८० मध्ये सॅम्युएल डो यांच्या लष्करी उठावाने संपुष्टात आली. २४ डिसेंबर १८८९ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतर, २४ डिसेंबर १९८९ रोजी, चार्ल्स टेलर यांच्या सैन्याने आयव्हरी कोस्टमधून निंबा प्रांतात प्रवेश केला आणि पहिले यादवी युद्ध सुरू झाले. १९९७ मध्ये टेलर निवडणुकीने राष्ट्राध्यक्ष झाले. मात्र दोनच वर्षांत दुसरे युद्ध पेटले. २००३ च्या मध्यास ‘लुर्ड’ या बंडखोर संघटनेचे सैन्य राजधानी मन्रोव्हियावर तोफगोळे डागत होते. ११ ऑगस्ट रोजी टेलर पदत्याग करून नायजेरियास गेले आणि १८ ऑगस्ट रोजी आक्रा येथे शांतता करार झाला.

हा सर्व घटनाक्रम नाटकात केवळ दूरच्या बातम्यांसारखा कानी पडतो. नाटक घडते ते २००३ मध्ये बोमी प्रांतातील लुर्डच्या एका छावणीत.

छावणीतील संसार

नाटकात पाच पात्रे आहेत आणि पाचही स्त्रिया आहेत. ज्याच्या ‘बायका’ म्हणून त्यांपैकी चौघी ओळखल्या जातात, तो सेनानी रंगमंचावर एकदाही येत नाही. तो आल्याची चाहूल लागते, स्त्रिया रांगेत उभ्या राहतात, एकीची निवड होते. ती परत येते, फडक्याने अंग पुसते आणि अर्धवट राहिलेले काम पुढे चालू होते. अत्याचाराचे प्रत्यक्ष दर्शन टाळून त्याचा नित्यक्रम दाखवण्याची ही योजना कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक अस्वस्थ करणारी आहे.

या स्त्रिया परस्परांस क्रमांकाने संबोधतात. पहिली हेलेना, तिसरी गरोदर असलेली बेसी. दुसरी, मायमा, बंदूक घेऊन लढवय्यांत गेलेली. पळवून आणलेल्या एका मुलीला हेलेना व बेसी मोठ्या टबाखाली लपवतात; तरीही ती ‘क्रमांक चार’ होतेच. संहितेत तिचा उल्लेख केवळ ‘मुलगी’ असा आहे. तिला वाचता येते. क्लिंटन यांच्या चरित्राचे एक फाटके पुस्तक ती इतरांना वाचून दाखवते, तेव्हा मोनिका लेविन्स्की यांना या स्त्रिया सहजपणे ‘बायको क्रमांक दोन’ ठरवतात. प्रेक्षक हसतो खरा, पण जगाकडे पाहण्याची दुसरी चौकटच या स्त्रियांपाशी उरलेली नाही, हेही त्याच क्षणी त्याच्या ध्यानात येते.

मायमाच्या मागोमाग मुलगीही बंदूक हाती घेते. बंदूक असलेल्या स्त्रीवर कोणी हात टाकीत नाही, हे मायमाचे तर्कशास्त्र छावणीपुरते खोटे नाही. त्याची किंमत मात्र इतर मुलींना मोजावी लागते. त्यांना पकडून सैनिकांच्या हवाली करण्याचे काम आता हिच्याकडे येते. पीडित आणि अपराधी ही विभागणी येथे मोडून पडते. नाटकाचे सर्वांत मोलाचे योगदान हेच म्हणावे लागेल.

बंदुकांची मोजदाद

संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली डिसेंबर २००३ ते नोव्हेंबर २००४ या काळात सुमारे १ लाख ३ हजार व्यक्तींचे निःशस्त्रीकरण झाले. त्यांत २२ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. शस्त्र किंवा ठरावीक काडतुसे जमा करणे ही पात्रतेची मुख्य अट होती. सैन्याशी संबंधित स्त्रिया व मुले यांना त्यातून सवलत होती. तरीही अनेक स्त्रिया या योजनेबाहेर राहिल्या. काहींची शस्त्रे सेनानींनीच काढून घेतली, तर काहींनी नाव नोंदवल्यास लागणाऱ्या कलंकाच्या भीतीने केंद्राकडे जाणेच टाळले. हेलेनासारखी स्त्री, जिने वर्षानुवर्षे छावणीचे घर चालवले, ती या तक्त्याच्या कोणत्या रकान्यात बसते? ‘लढवय्यी’ नव्हे, ‘पत्नी’ म्हणावे तर ते नाते बळजबरीचे.

शेजारच्या सिएरा लिओनमध्ये विशेष न्यायालयाने २००८ मध्ये सक्तीचा विवाह हा मानवतेविरुद्धचा गुन्हा असल्याचे मान्य केले. टेलर यांना २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली, तीही सिएरा लिओनमधील गुन्ह्यांबद्दल. लायबेरियातील सत्य व सलोखा आयोगाने २००९ मध्ये विशेष न्यायाधिकरणाची शिफारस केली होती. त्यासाठीचे कार्यालय स्थापण्याचा अध्यक्षीय आदेश निघण्यास २०२४ उजाडले.

नाटकातील पाचवी स्त्री, रिटा, ही शांतता चळवळीची कार्यकर्ती असून आपल्या हरवलेल्या मुलीच्या शोधात आहे. तिच्यामागे लेमा ग्बोवी आदींच्या नेतृत्वाखाली मन्रोव्हियाच्या मासळी बाजारालगत पांढऱ्या वस्त्रांत बसणाऱ्या स्त्रियांची चळवळ उभी आहे, हे उघड आहे. रिटा प्रत्येकीस एकच प्रश्न करते : आईबापांनी ठेवलेले नाव कोणते? निःशस्त्रीकरण केंद्रावरील पहिला प्रश्न शस्त्राचा होता, हे येथे आठवते.

साधन म्हणून नाटक

गुरिरा यांचा जन्म अमेरिकेतला, आईवडील झिंबाब्वेचे, बालपण हरारेत. लायबेरिया त्यांचा देश नव्हे. २००७ मध्ये तेथे जाऊन त्यांनी युद्धातून वाचलेल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. (त्याच वर्षी भारताच्या महिला पोलिसांची तुकडी मन्रोव्हियात शांतिसेनेत दाखल झाली, संपूर्ण महिलांची अशी ती पहिलीच तुकडी होती.) २००९ मध्ये वॉशिंग्टन येथे नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि २०१६ मध्ये ते ब्रॉडवेवर आले. ज्यांची ही कथा, त्यांच्यापासून ते प्रेक्षागृह फार दूर होते, हा आक्षेप रास्त आहे. पात्रे रचलेली असल्याने नाटकाला साक्ष म्हणता येत नाही. तथापि साक्षीदारास कोणते प्रश्न विचारावेत, हे ते शिकवते. आणि नोंदवहीने न विचारलेले प्रश्न हीदेखील इतिहासाची सामग्रीच असते.

अखेरच्या दृश्यात युद्ध संपल्याची वार्ता आलेली असते. रिटा मुलीस आपल्याबरोबर नेऊ पाहते, मायमा पुन्हा रानाकडे खेचते. मुलगी एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात बंदूक घेऊन तशीच उभी राहते.