भामरागडची गाडी

आमच्या ऑफिसात सध्या लाओसची साथ आली आहे. थायलंड झालं, व्हिएतनाम झालं, बाली तर आता महाबळेश्वरच्या पंक्तीला जाऊन बसलंय. मग 'जिथे फारसं कुणी जात नाही' अशा देशाचा शोध सुरू होतो. पाठीवर सॅक टाकून, मिळेल त्या बसने आणि बोटीने लाओस पालथा घालून मंडळी परततात. फोटो झकास असतात, हेवाही वाटतो. त्यातलं 'सार्वजनिक वाहनानेच फिरायचं' हे कलम मला फार आवडतं. भाड्याच्या गाडीतून आपण ठिकाणं बघतो. बसमधून गेलं की तिथली माणसं कुठे जातात, कशाला जातात आणि परत कधी येतात, हेही कळतं.

हेच कलम लावून मी हिवाळ्यात भामरागडला जाऊन आलो. गडचिरोली जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, पलीकडे छत्तीसगड. पुण्याहून तिथे पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आमचा टीम लीड बँकॉकमार्गे लुआंग प्रबांगला पोचून, अंघोळ करून झोपलेला असतो! आणि 'फारसं कुणी जात नाही' या निकषावर भामरागड लाओसला सहज मागे टाकेल.

आधी मार्ग सांगतो. रेल्वेने बल्लारशाह किंवा चंद्रपूर. तिथून एष्टीने गोंडपिपरी, आष्टीला वैनगंगेवरचा पूल, मग आलापल्ली. चंद्रपूर ते आलापल्ली साधारण १२० किलोमीटर. आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव, हेमलकसा करत भामरागड आणखी ६०-६५ किलोमीटर. एष्टी चुकली तर काळी-पिवळी. चंद्रपूरच्या स्टँडवर कंडक्टरने माझी सॅक बघून विचारलं, "भामरागडला कोनाकडे जाता जी?" कुणाकडेच नाही, नुसतं बघायला, असं म्हटल्यावर त्यांनी तिकीट फाडलं, पण चेहऱ्यावरचा प्रश्न तसाच राहिला.

हा प्रश्न मला पुढे सगळ्या प्रवासात पुरला. इकडे आजवर कोण आलं, कशाला आलं, आणि ज्या वाटेने आलं ती वाट नक्की कुणासाठी बांधली होती? परत येऊन पुस्तकं चाळली तेव्हा लक्षात आलं की या भागाचा इतिहास राजांपेक्षा वाहनांच्या क्रमाने जास्त नीट कळतो.

सुरुवात तारेपासून. (आम्हा संगणकवाल्यांचे पूर्वज म्हणजे तारखात्यातलेच लोक, नाही का?) चांद्याचं गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. चारच वर्षांनी मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि रोहिले गोळा करून बंड केलं. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिल १८५८ रोजी त्यांच्या लोकांनी हल्ला केला तो प्राणहितेकाठच्या चिंचगुंडीतल्या तारखात्याच्या छावणीवर. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणून बाबुरावांना पकडलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. बाबुरावांच्या मनात तारेबद्दल नेमकं काय होतं ते कुठे लिहिलेलं नाही. पण बाहेरचं राज्य इथे आलं तेव्हा त्याच्यासोबत आलेल्या पहिल्या गोष्टींपैकी एक म्हणजे निरोपाची तार होती. हा निरोप सरकारचा सरकारला. गावातल्या माणसाचा त्यात संबंध नव्हता.

दुसरं वाहन, बोट. हे प्रकरण मला अजिबात माहीत नव्हतं. अहेरीजवळ प्राणहितेच्या काठी देवलमरी नावाचं गाव आहे. १८६० च्या दशकात हे नाव अनेक सरकारी कागदांत गाजत होतं. दौलेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधणाऱ्या सर आर्थर कॉटन यांना नद्यांतून जलवाहतूक करण्याचं वेड होतं. वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातला कापूस वर्धा-प्राणहिता-गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत न्यायचा, अशी योजना झाली. त्यात १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि योजनेला जोर आला. अडचण एकच होती. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा आपल्या या देवलमरीला. कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली कालवे आणि दरवाजे बांधायचं काम सुरू झालं. सिरोंचा हे मुख्य ठिकाण धरून 'अप्पर गोदावरी' नावाचा वेगळा जिल्हाच निर्माण केला गेला.

गंमत म्हणजे बरोबर याच वर्षांत, १८६६ मध्ये, फ्रेंचांची एक मोहीम सायगावहून मेकाँग नदीतून निघाली होती. चीनच्या व्यापाराला नदीची वाट सापडेल ही आशा. लाओसच्या सीमेवर खोनचा धबधबा आडवा आला. फ्रेंच भलतेच चिकट. पुढे १८९३ मध्ये त्यांनी धबधब्याशेजारी बेटावर चिमुकली रेल्वे बांधली आणि बोटींचे सुटे भाग करून त्यावरून पलीकडे नेले. आमच्या लाओसवाल्यांच्या फोटोत ज्या गंजलेल्या इंजिनाशेजारी सगळे उभे राहतात, ते याच रेल्वेचं. आपल्या देवलमरीला मात्र फोटो काढायला कुणी जात नाही.

इंग्रज तेवढे चिकट निघाले नाहीत, कारण त्यांना गरजच उरली नाही. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. कापूस पश्चिमेला वळला. १८७१ मध्ये गोदावरीची योजना सोडून दिली आणि १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला. सिरोंचा चांद्याला जोडून टाकलं. ही तीन-चार वर्षं मला फार बोलकी वाटतात. माल दुसऱ्या वाटेने गेला आणि पाठोपाठ जिल्हा गुंडाळला गेला. मला तरी हा योगायोग वाटत नाही. त्या काठावर माणसं आधीही राहत होती आणि नंतरही राहिली, पण त्यांच्यासाठी बोट चालू ठेवावी असं कुणाला सुचलं नाही.

तिसरं वाहन, ट्रक. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान इतकं नावाजलेलं की 'वनवैभव' नावाचा सहा हेक्टरांचा तुकडा न तोडता राखला गेला आणि २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. बाकीचं सागवान बाहेर गेलं, अगदी २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांपर्यंत. बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला. तुम्ही-आम्ही शाळेत ज्या वह्या भरवल्या त्यातल्या काही इथल्या बांबूच्या असणार. जंगल गावाचं, पण बांबू विकून ट्रकमध्ये घालायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा! वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी हा परवाना हातात पडायला २७ एप्रिल २०११ उजाडला. तो द्यायला मुख्यमंत्री आणि केंद्रीय मंत्री गावात आले होते. आपल्या मालकीची वस्तू रस्त्यावरून नेण्याचा अधिकार ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्यावरून समजावं.

मग लोखंड. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर २००७ मध्ये ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथे जवळजवळ ८० वाहनं जाळली. २०२१ पासून खनिजाची वाहतूक जोरात सुरू झाली. आलापल्लीच्या चौकात उभं राहिलं की लाल धुळीने माखलेले ट्रक बघायला मिळतात. मी एष्टीची वाट बघत होतो आणि सवयीने मोजत होतो. पन्नासनंतर मोजणं सोडून दिलं.

आलापल्ली सोडलं की रस्ता जंगलात शिरतो. गाडीत बहुतेक बायका होत्या. २०२३ पासून एष्टीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा परिणाम इथेही दिसतो. माडिया, तेलुगू, मराठी, हिंदी अशा चारही भाषा कानावर पडत होत्या. एक माडिया बाई नातवाला अहेरीच्या दवाखान्यातून परत आणत होत्या. कुणी रेशनचं काम करून आलेलं, कुणी वसतिगृहातल्या पोराला भेटून.

हेमलकसा. इथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथे राहायला आले. ती कहाणी आपल्याला पुस्तकातून, सिनेमातून पाठ आहे. पण आज मला त्यातली फक्त वाहतुकीची बाजू सांगायची आहे. तेव्हा इथे धड रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात महिनोन् महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. म्हणजे आधी दवाखाना आला, रस्ता मागाहून. तार, बोट आणि ट्रक यांच्या यादीत हे एकच काम असं आहे जे काही न्यायला आलं नव्हतं.

पुढे तीन किलोमीटरवर भामरागड. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम. हिवाळ्यात पाणी निवळ, वाळवंट पसरलेलं, पलीकडे छत्तीसगडचं जंगल. लुआंग प्रबांगलाही दोन नद्यांचा संगम आहे म्हणे. इथे एक जास्त! गावात शिरायचं तर पर्लकोटेवरचा पूल ओलांडायचा. जुना पूल इतका ठेंगणा की पावसाळ्यात त्यावरून पाणी जायचं आणि अख्खं तालुक्याचं गाव तुटायचं, एका मोसमात अनेकदा. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. फरक इतकाच की आमचा सर्व्हर पडला तर कुणाचं बाळंतपण अडत नाही. नद्या-नाल्यांपलीकडच्या गावांतून आजारी माणसाला खाटेवर घालून आणल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात आणि आपण त्या वाचून पुढे सरकतो.

या रस्त्यांवर रक्तही पुष्कळ सांडलं आहे. १९८० मध्ये आंध्रातून नक्षलवादी दलं आली. ८ ऑक्टोबर २००९ रोजी याच तालुक्यातल्या लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूरच्या चकमकीनंतर ४० माओवाद्यांचे मृतदेह मिळाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या वरिष्ठ नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. मधल्या पंचेचाळीस वर्षांत रस्ता करणं ही एका बाजूची लढाई होती आणि रस्ता तोडणं ही दुसऱ्या बाजूची. गावातल्या माणसाला गाडीत बसून अहेरीला जायचं होतं, एवढी साधी गोष्ट या दोहोंच्या मध्ये अडकली.

आता अगदी अलीकडचं. एटापल्ली तालुक्यात गट्टा-गर्देवाडा-तोडगट्टा-वांगेतुरी असा ३२ किलोमीटरचा रस्ता आहे. २०२३ मध्ये तोडगट्ट्याला आसपासच्या गावांतले लोक कित्येक महिने धरणं धरून बसले होते. त्यांचं म्हणणं, हा रुंद रस्ता आमच्यासाठी नाही, नव्या खाणींसाठी आहे. १ जानेवारी २०२५ रोजी याच रस्त्यावर पहिली एष्टी धावली, स्वतः मुख्यमंत्री तिच्यात बसले. एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातल्या कटेझरीला पहिली गाडी पोचली. जुलै २०२५ मध्ये भामरागड तालुक्यात, अबुझमाडच्या पायथ्याशी असलेल्या मरकणारला. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा! पहिली एष्टी पुणे-नगर रस्त्यावर धावली १ जून १९४८ ला. मरकणारपर्यंत यायला तिला सत्त्याहत्तर वर्षं लागली.

मग तोडगट्ट्याला बसलेल्या लोकांचं म्हणणं खोटं ठरलं का? मला नाही वाटत. एकाच डांबरावरून ट्रकही जातो आणि बसही. प्रश्न कोण टिकतो याचा आहे. एष्टीत 'भारमान' नावाचा शब्द आहे. गाडी किती टक्के भरली त्याचं माप. भारमान कमी म्हणून फेरी बंद, हे आपण सगळ्यांनी आपापल्या गावी ऐकलेलं आहे. जंगलातल्या विरळ वस्तीच्या गावात भारमान कमीच असणार. खनिजाचा ट्रक मात्र जाताना कधी रिकामा नसतो. देवलमरीची बोट ज्या हिशेबाने बंद पडली त्याच हिशेबाने ही गाडीही बंद पडू शकते. तसं होऊ द्यायचं नसेल तर भामरागड-मरकणारच्या फेऱ्यांना भारमानाचा नियम लावू नये, तोटा झाला तर शासनाने सोसावा. या जिल्ह्यातून दीडशे वर्षांत जे बाहेर गेलं त्याच्या मानाने ही रक्कम कितीशी असेल?

माझ्यापुरती मी एक मोजपट्टी ठरवली आहे, ती म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी येऊन गावातच झोपणारी आणि पहाटे सुटणारी. लहानपणी आजोळी अशी गाडी होती. ड्रायव्हर-कंडक्टरला कुणाच्या तरी ओसरीवर जागा मिळायची आणि पहाटे पाचला हॉर्न वाजला की अख्खं गाव जागं व्हायचं. त्या गाडीने आजारी माणूस सकाळच्या ओपीडीला पोचतो, पोरगी परीक्षेला वेळेवर जाते आणि रात्री दोघंही घरी येतात. ट्रकला परतीचा प्रवासी नसतो. बसला असतो.

असो. जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, पावसाळ्यात नको. रोख पैसे जवळ ठेवा. विचारल्याशिवाय माणसांचे फोटो काढू नका, ते प्रेक्षणीय स्थळ नाहीत. आणि कृपा करून एष्टीनेच जा. तेवढंच भारमान वाढेल.