कर्नलमधील ब्रेकपॉइंट

चालू आज्ञावली विवक्षित आज्ञेपाशी थांबवून तिची अंतर्गत स्थिती पाहण्यासाठी जो खंड मुद्दाम योजला जातो, त्यास ब्रेकपॉइंट म्हणतात. १९४० च्या दशकातील एनिॲक यंत्रावर आज्ञांचा क्रम तारांच्या जोडणीने ठरत असे व एखादी तार उपसली की गणन तेथेच थांबे. या युक्तीचे श्रेय बेटी होल्बर्टन यांस दिले जाते. एक्स८६ प्रोसेसरांवर डीबगर इष्ट आज्ञेचे पहिले बाइट उचलून ठेवतो व त्या जागी षोडशमान पद्धतीत ‘सीसी’ लिहिले जाणारे बाइट बसवितो. प्रोसेसर तेथे येताच तिसऱ्या क्रमांकाचा अपवाद उद्भवून अंमल कर्नलकडे, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, जातो. शिवाय ८०३८६ पासून चार पत्त्यांवर पहारा ठेवणारी डीबग रजिस्टरेही आहेत. त्यांचा अपवाद पहिल्या क्रमांकाचा.

सामान्य आज्ञावलीत तपासणारा व तपासला जाणारा हे भिन्न असतात. परंतु कर्नलमध्ये अपवादाची दखल घेणारे दप्तर ज्याची झडती चालली आहे त्याच्याच घरात असते, आणि या विषयातील बहुतेक अवघडपणा येथूनच निघतो. चालू कर्नलमध्ये खंड घालू देणारी केप्रोब्स ही लिनक्समधील सोय याचे चांगले उदाहरण होय. आयबीएमच्या भारतातील शाखेत वंशी कृष्ण एस. यांनी ती ऑक्टोबर २००२ मध्ये प्रथम रचली, प्रसन्ना पंचमुखी व सुपर्णा भट्टाचार्य यांनी २००४ मध्ये तीत भर घातली, आणि त्याच वर्षी लिनक्स २.६.९ मध्ये ती रुजू झाली. मूळ आज्ञा जागेवर परत ठेवली तर तेवढ्या अवधीत दुसरा प्रोसेसर खंड न पडता निसटून जाईल, म्हणून केप्रोब्स तिची नक्कल अन्यत्र ठेवून तेथे एकेक पाऊल चालविते. आणि स्वतः अपवाद हाताळणाऱ्या कार्यांवर खंड घालण्यास तर सक्त मनाईच आहे, अन्यथा अपवाद हाताळताना पुन्हा तोच अपवाद, असा अनंत फेरा सुरू होईल.

८ मे २०१८ रोजी एक्स८६ वरील कर्नलांत उघड झालेला दोष या फेऱ्याहून सूक्ष्म होता. स्टॅकचा सेगमेंट बदलणाऱ्या आज्ञेनंतर स्टॅकचा पत्ताही बदलावयाचा असतो, आणि ही जोडी मध्येच तुटू नये यासाठी प्रोसेसर डीबग अपवाद पुढील आज्ञा पुरी होईपर्यंत रोखून धरतो. आता ती पुढील आज्ञाच कर्नलला साद घालणारी असली, तर रोखलेला अपवाद कर्नलच्या पहिल्याच आज्ञेपाशी प्रकट होतो, आणि कर्नल तो आपल्याच मुलखातला समजून वापरकर्त्याच्या हाती असलेल्या स्थितीवर विसंबतो. विंडोज, मॅकओएस, फ्रीबीएसडी व लिनक्स या सर्वांना हा दोष बाधला. नियम प्रोसेसरच्या पुस्तिकेत छापलेला होता. त्याची फलश्रुती मात्र कोणी मांडली नव्हती, आणि माझ्या मते पुस्तिकेचा अपराध वाचकांच्या अपराधाहून मोठा आहे. लिनक्समध्ये पहिल्या व तिसऱ्या अपवादास एकच राखीव स्टॅक दिलेला असल्याने नंतरचा येताच आधीच्याची नोंद पुसली जाई व सामान्य वापरकर्त्यासही यंत्र पाडता येई. म्हणून तिसऱ्या क्रमांकाच्या अपवादाचा हा राखीव स्टॅक काढून घेण्यात आला.