छपरावरची माती

मे महिन्यात दुपारी तीनला सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या एखाद्या गुंठेवारीतल्या घराच्या गच्चीवर अनवाणी उभं राहून बघावं. पाय टेकवत नाही. रात्री अकरालाही तीच स्लॅब खालच्या खोलीत दिवसभराची उष्णता ओतत असते आणि पंखा तीच गरम हवा अंगावर ढकलत राहतो. याच मुलखात जुन्या घरांतली माणसं भर दुपारी सोप्यात घोंगडं टाकून निवांत झोपायची. ऊन तेव्हाही कडकच होतं, डोक्यावरचं छप्पर मात्र वेगळं होतं.

सातारा-सांगलीत पावसाप्रमाणे छप्पर बदलतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, तर माण, आटपाडी, जतकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. म्हणून घाटाकडे उतरतं छप्पर आणि पूर्वेला सपाट मातीचं धाबं, म्हणजे माळवद. कुपवाड कमी पावसाच्या बाजूलाच मोडतं.

धाबं घालणं हे कसबाचं काम. भिंतींवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर आडवी किलचणं. त्यावर लिंबाचा नाहीतर तरवडाचा पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरी. गावाची जमीन दोन नावांची: पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. जुन्या वस्तीची राख आणि पडक्या भिंती मुरून झालेली ही माती चोपून घट्ट बसवली की पाऊस सहज आत येत नाही. मृगाच्या आधी धाब्यावर नवा थर टाकून तो चोपायचा, हे ठरलेलं काम. फूट-दीड फूट मातीतून ऊन खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होई.

पण दर वर्षीच्या थरानं वजनही वाढत जाई. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेच्या भूकंपानं हा सगळा पट्टा हादरला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यानंतर मातीच्या छपराखाली झोपायची भीती बसली, आणि ती अनाठायी नव्हती.

कौलांचा पर्याय आधीच आला होता. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि मंगळुरी कौल दूरवर पोचलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेला रेल्वे आली, तसा जड माल लांबून आणणं सोपं झालं. नंतर पत्रा आला, मग स्लॅब.

कुपवाडला एमआयडीसी आली, कामगार आले, शेतांचे गुंठे पडले. १९९८ साली सांगली आणि मिरजेबरोबर कुपवाडही महापालिकेत गेलं; २००१ साली राज्यानं गुंठेवारीचा कायदा केला. हजार-अकराशे चौरस फुटांच्या तुकड्यावर चौकाला आणि ओसरीला जागा कुठली? चार इंची स्लॅब, नाहीतर सरळ सिमेंटचा पत्रा. घरं पक्की झाली, पण तापू लागली.

अशी घरं पाडावी लागत नाहीत. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला की गळती थांबते, पाण्याला उतार मिळतो आणि उष्णताही अडते. धाब्याचं काम तो कमी वजनात करतो, तरी स्लॅब तेवढा भार पेलेल का, हे अभियंत्याकडून आधी तपासून घ्यावं लागतं. वर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी किंवा निदान चुन्याचा हात दिला की ऊन परतून जातं. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा, छताजवळ झरोका, ही कामं गावातला गवंडीही करतो. जुना वाडा दुरुस्त करायचा तर मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा देऊ नये. ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. तिथं चुनाच हवा.

केंद्र सरकारनं २०१८ साली राहत्या घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. छपरातून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा तिच्यात घातली आहे आणि उघडी स्लॅब ती पाळू शकत नाही. पण ही संहिता आली ती पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. एक गुंठा म्हणजे साधारण एकशे एक चौरस मीटर. कुपवाडच्या गुंठ्यावरच्या घरापर्यंत ती पोचत नाही. तिथं स्लॅबवर काय घालायचं हे घरमालक आणि गवंडीच ठरवतात.