पवनाकाठची रानबदके : ओळखीच्या पद्धतीचा इतिहास

पवना, मुळा आणि इंद्रायणी या नद्यांच्या परिसरात 1954 मध्ये पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना उभा राहिला आणि 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळामुळे कारखानदारी पुढे चाकणपर्यंत पोहोचली. परंतु या प्रदेशातील पक्ष्यांच्या शास्त्रीय नोंदी त्याहून शतकभर जुन्या आहेत. दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणारे लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी 1832 मध्ये येथील पक्ष्यांची सूची लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्या काळी जात ठरवायची तर पक्षी बंदुकीने टिपून, त्याचे कातडे जतन करून, चोच आणि पंख मोजावे लागत. पुढे ह्यूम आणि मार्शल या पक्षिअभ्यासकांच्या 1879 ते 1881 मधील ग्रंथातही बदकांचे वर्णन शिकारीचे पक्षी म्हणूनच आले.

पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या 1941 मधील ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ने जिवंत पक्षी दुरून ओळखण्याची सवय सामान्य वाचकाला लावली, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातल्यावर दुर्बीण हेच ओळखीचे मुख्य साधन झाले. वर्षभर येथेच राहणारे हळदी-कुंकू बदक या पद्धतीने सहज ओळखता येते : सुमारे 60 सेंटिमीटर लांबी, खवल्यांसारखी नक्षी असलेले करडे-तपकिरी अंग, काळ्या चोचीचे पिवळे टोक, चोचीच्या मुळाशी लाल ठिपके आणि बसलेल्या पक्ष्याच्या पाठीलगत दिसणारा पांढरा पट्टा. हिवाळी पाहुण्यांची ओळख मात्र अवघड असते, कारण विणीनंतर नर आपली रंगीत पिसे टाकून काही काळ मादीसारखी फिकी पिसे धारण करतात आणि अनेकदा त्याच वेशात येथे पोहोचतात. अशा वेळी रंगापेक्षा चोचीचा आकार अधिक विश्वासार्ह ठरतो. थापट्या बदकाची रुंद, फावड्यासारखी चोच याचे उत्तम उदाहरण होय.

ही चोच पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव टिपते, त्यामुळे सांडपाण्याने पोषक द्रव्ये वाढलेल्या पाण्यावरही थापट्यांचे थवे उतरतात; म्हणजे केवळ बदके दिसली म्हणून नदी निर्मळ ठरत नाही. जात, संख्या, तारीख, ठिकाण आणि जलपर्णीसह पाण्याची स्थिती या साऱ्यांची एकत्र नोंद झाली, तरच पक्ष्याची ओळख नदीच्या इतिहासाचा पुरावा ठरते, आणि असा पुरावा सातत्याने जमवणे हे या परिसरातील प्रत्येक पक्षिनिरीक्षकाचे कर्तव्य आहे.