‘एज ऑफ एम्पायर्स २’ : एका खेळाडूचे मत

१९९९ साली आलेला हा खेळ मी शाळेपासून खेळतो आहे. त्याचे बळ अर्थव्यवस्थेत आहे. कोठारात धान्य आणि सोने नसेल, तर घोडदळ उभेच राहत नाही. साम्राज्यांचा हा पाया मला पाठ्यपुस्तकाआधी खेळाने शिकवला.

दोष आहे तो काळाच्या मोजपट्टीत. अंधारयुग, सरंजामी युग, दुर्गयुग, साम्राज्ययुग ही युरोपच्या इतिहासातून घडलेली शिडी घोडे नसलेल्या ॲझ्टेकांनाही चढावी लागते. २०१३ मध्ये अवघा भारत ‘इंडियन्स’ या एका नावात कोंबला गेला. २०२२ मध्ये त्याजागी हिंदुस्तानी, द्रविड, बंगाली आणि गुर्जर आले.

नावे सुधारली, शिडी तीच राहिली. खेळ जरूर खेळावा. त्या शिडीला मात्र इतिहास समजू नये.