ब्रेकचा जोर जातो कुठे?

पिंपळनेरहून नवापूरकडे जाताना चरणमाळचा घाट लागतो. पावसात हा घाट सायकलने उतरणाऱ्याला ब्रेकचे महत्त्व सांगावे लागत नाही. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला शहरातल्या नातेवाइकांकडून जुनी माउंटन बाइक मिळाली. फ्रेम कार्बन तंतूंची, ब्रेक मात्र रिमवर घासणारे. तो वर्गात विचारतो, "सर, हिला मोटारसायकलसारखे डिस्क ब्रेक बसवता येतील का?" उत्तर देण्यापूर्वी ब्रेकच्या इतिहासात थोडे डोकावायला हवे.

सुरुवातीच्या उंच चाकाच्या सायकलींना चमच्याच्या आकाराचा ब्रेक असे. तो थेट टायरवर दाबला जाई. टायर भरीव रबराचे होते तोवर हे चालले. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेला टायर आणला. तो ब्रेकने झिजू देणे परवडणारे नव्हते. योगायोग असा, की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावातला सायकलींचा व्यवसायही त्याच १८८८ सालचा. पुढच्या किर्लोस्कर उद्योगाचा उगम या दुकानात आहे.

पुढे ब्रेक टायरवरून रिमवर सरकला. आपल्याकडच्या काळ्या सायकलींना सळयांचा ब्रेक असतो. हँडलचा दांडा ओढला की रबराचे तुकडे रिमच्या आतल्या अंगाला घासतात. ही पद्धत साधी आणि टिकाऊ आहे, पण पोलादी रिम ओली झाली की ती हमखास दगा देते.

ब्रेकची खरी कसोटी डोंगरात लागली. १९७६ पासून अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही तरुण जुन्या, जड सायकलींवरून एका तीव्र उताराच्या शर्यती लावू लागले. त्यांचे ब्रेक मागच्या हबच्या आत असत आणि पायडल उलटे दाबले की लागत. एका उतारात हब इतके तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नावच 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असे पडले.

ही उष्णता येते कुठून? सायकल आणि स्वार मिळून ८० किलो आणि उतार २०० मीटर उंचीचा धरू. स्थितिज ऊर्जा होईल ८० × ९.८ × २००, म्हणजे सुमारे १,५७,००० ज्यूल. हवेचा विरोध सोडला, तर ही सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन येते. २५ अंशांचे अर्धा लिटर पाणी उकळीला आणायला ती पुरेशी आहे!

यानंतरच्या माउंटन बाइकच्या फ्रेमवर आणि चिमट्यावर (फोर्कवर) खुंट्या बसवून त्यांवर रिमचे ब्रेक लावू लागले. १९९६ साली त्याच खुंट्यांवर बसणारा, अधिक जोरदार व्ही-ब्रेक आला. पण चिखल, पाणी आणि तापणारी रिम यांचा प्रश्न उरलाच. डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी १९०२ सालीच घेतले होते. १९५३ साली ल मान्सची मोटार शर्यत असे ब्रेक असलेल्या जॅग्वारने जिंकली. माउंटन बाइकवर ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस रुळले. चकती चिखलापासून दूर असते आणि तापली तरी टायरला धोका नसतो.

मग जुन्या फ्रेमला ते बसवायला अडचण काय? टायरची त्रिज्या सुमारे ३३ सेंटिमीटर आहे. रिमचा ब्रेक २७ सेंटिमीटरवर लागतो, तर १६० मिलिमीटर व्यासाच्या चकतीचा ब्रेक जेमतेम साडेसात सेंटिमीटरवर. म्हणजे रस्त्यावर जितका रोधक जोर हवा, त्याच्या चौपटीहून अधिक जोर चकतीवर लागतो. तो सगळा फ्रेमच्या डाव्या बारीक नळीवर, आसाजवळ येतो. जुन्या फ्रेमची रचना करणाऱ्याने तिथे असा जोर गृहीतच धरलेला नव्हता.

पोलादी फ्रेमला कुशल कारागीर आधार जोडून, नळी मजबूत करून देऊ शकतो. कार्बनला वेल्डिंग होत नाही. त्याचे तंतू ज्या दिशेने जोर येणार त्या दिशेने घातलेले असतात. आडव्या जोराला त्यांना धरून ठेवते ती केवळ राळ. वरून चिकटवलेला किंवा आवळलेला आधार पातळ थर चिरडू किंवा सुटे करू शकतो. हा बिघाड बाहेरून दिसेलच असे नाही, आणि पोलादासारखे आधी वाकून इशारा न देता फ्रेम एकदम तुटू शकते.

तेव्हा आपल्या विद्यार्थ्याला असे सांगावे: पुढचा चिमटा सुटा भाग आहे. डिस्कसाठीच बनवलेला, मापात बसणारा दुसरा चिमटा आणि त्याला साजेसे चाक जाणकाराकडून बसवून घे. मागे चांगला व्ही-ब्रेक राहू दे. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो.

वर्गात याचा अनुभव सहज देता येईल. दार आधी कडेला एका बोटाने ढकलायला सांगा, नंतर बिजागरीजवळ. ब्रेक बिजागरीकडे सरकला की किती जोर लागतो, हे बोटालाच कळेल. मग तो जोर पेलतो कोण, हा पुढचा प्रश्न मुले आपणहून विचारतील.