ट्रकचा विमा आणि अपघातग्रस्तांची भरपाई

महामार्गावर मालट्रकच्या धडकेत दुचाकीस्वार ठार झाल्याची बातमी चार ओळींत छापून येते. त्या चार ओळींनंतर मृताच्या कुटुंबाची खरी परवड सुरू होते. घरातील कमावता माणूस गेलेला असतो, ट्रक पोलीस ठाण्याच्या आवारात उभा असतो आणि भरपाई कोणाकडे, किती व कोणत्या मुदतीत मागावयाची याची कुटुंबाला कल्पना नसते. अशा वेळी हाती येईल ती पहिली रक्कम स्वीकारण्याचा मोह होतो. कायद्याची माहिती नसल्यास हा मोह फार महागात पडू शकतो.

विमा कोणासाठी?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी चालविल्या जाणाऱ्या प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ व्यक्तींच्या जोखमीचा, म्हणजेच 'थर्ड पार्टी' विमा बंधनकारक आहे. हा विमा ट्रकच्या किंवा मालाच्या नुकसानीसाठी नसून, त्या ट्रकमुळे रस्त्यावरील इतरांना होणाऱ्या हानीसाठी असतो. त्याचे दर सरकार ठरविते आणि ट्रकचे दर एकूण भारक्षमतेवर अवलंबून असतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनास वार्षिक १६,०४९ रुपये, तर ४०,००० किलोवरील वाहनास ४४,२४२ रुपये हप्ता निश्चित करण्यात आला. विम्याविना वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

ट्रकवर एका वाहतूक कंपनीचा फलक, नोंदणी दुसऱ्याच्या नावावर आणि प्रत्यक्ष व्यवहार तिसऱ्याकडे, असा प्रकार या व्यवसायात सर्रास आढळतो. अपघातानंतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. तथापि, आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव मालक म्हणून नोंदलेले आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे फलकावरील नावापेक्षा नोंदणी पुस्तकातील नाव आणि अपघाताच्या तारखेस चालू असलेली पॉलिसी या दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

भरपाईचे दोन मार्ग

कायद्याने पीडितांसमोर दोन मार्ग ठेवले आहेत. पहिला कलम १६४ चा. यात चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये अशी ठरावीक रक्कम मिळते. दुसरा मार्ग कलम १६६ चा. यात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. मात्र भरपाई मृताचे उत्पन्न, वय आणि अवलंबितांची संख्या पाहून ठरते व तिला कमाल मर्यादा नाही.

या दोन रकमांत किती तफावत पडू शकते, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, दरमहा १५ हजार रुपये कमावणारा ३५ वर्षांचा भाजीविक्रेता ट्रकच्या धडकेत मृत्यू पावला. मागे पत्नी, दोन मुले आणि आई असे चार अवलंबित आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधील प्रणय सेठी निकालानुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारितास भावी उत्पन्नवाढीपोटी ४० टक्के धरले जातात. म्हणजे मासिक उत्पन्न २१ हजार झाले. २००९ च्या सरला वर्मा निकालानुसार चार ते सहा अवलंबित असल्यास मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होतो. उरले १५,७५० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख ८९ हजार. ३१ ते ३५ या वयोगटासाठी गुणक १६ आहे. त्यामुळे अवलंबितांचे नुकसान ३० लाख २४ हजार रुपये येते. याखेरीज अंत्यसंस्कार, मालमत्तेची हानी व सहवास गमावणे यांसाठी स्वतंत्र रकमा मिळतात. २०१७ मध्ये त्या अनुक्रमे १५ हजार, १५ हजार व ४० हजार रुपये ठरविण्यात आल्या असून दर तीन वर्षांनी त्यांत दहा टक्के वाढ धरावयाची आहे.

एकीकडे पाच लाख, दुसरीकडे तीस लाखांहून अधिक. येथेच सावध राहण्याची गरज आहे. विमा कंपनीने देऊ केलेली कलम १६४ खालील रक्कम कलम १४९ मधील पद्धतीने स्वीकारल्यास न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी ती रक्कम कोणत्या कलमाखाली दिली जात आहे, हे वकिलाकडून तपासून घेणे अत्यावश्यक आहे. निष्काळजीपणाचा पुरावाच नसेल तेथे मात्र कलम १६४ चाच आधार राहतो.

विमा कंपनीने हात वर केल्यास

चालकाचा परवाना बनावट होता किंवा ट्रककडे परमिट नव्हते, असा बचाव अनेकदा घेतला जातो. केवळ परवान्यातील त्रुटी दाखवून विमा कंपनीला सुटका करून घेता येत नाही, मालकाने अटींचा भंग केल्याचे तिला सिद्ध करावे लागते, असे स्वर्ण सिंह खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. भंग सिद्ध झाला तरी कंपनीने आधी पीडितांना पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायालये देतात.

मालट्रकमधून प्रवास करणाऱ्या उतारूंची गोष्ट वेगळी आहे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना विम्याचे संरक्षण आहे. मात्र ट्रकमध्ये बसलेले वऱ्हाडी किंवा वाटेत घेतलेले प्रवासी यांचे दायित्व विमा कंपनीवर येत नाही, हे २००२ च्या आशा राणी निकालाने स्पष्ट झाले. त्यांना भरपाई ट्रकमालकाकडेच मागावी लागते.

ट्रकला विमाच नसेल, तर संपूर्ण भार मालकावर पडतो. असा ट्रक पुरेशी हमी घेतल्याशिवाय सोडू नये आणि हमी न दिल्यास तीन महिन्यांनी त्याचा लिलाव करावा, असे नियम करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यांना दिले होते. त्यामुळे ट्रक ताब्यात असतानाच हमीचा अर्ज करणे हिताचे ठरते. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोधच न लागल्यास १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

मुदत आणि कागदपत्रे

१ एप्रिल २०२२ पासून अंमलात आलेल्या तरतुदीनुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आणि केवळ विलंबाच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरीही त्यावर विसंबून न राहता सहा महिन्यांची मुदत पाळणेच श्रेयस्कर.

दावा अपघात घडला तेथील, अर्जदार राहतो तेथील किंवा प्रतिवादी राहतो तेथील न्यायाधिकरणात करता येतो. नाशिकच्या कुटुंबातील व्यक्ती सोलापूरजवळ अपघातात मृत्यू पावल्यास त्या कुटुंबाला तारखांसाठी सोलापूरला खेपा घालण्याची गरज नाही.

पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला सादर करावा, असा नियम आहे. कुटुंबाने फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, ट्रकचे नोंदणीपत्र, विमा पॉलिसी व चालकाचा परवाना यांच्या प्रती मागून घ्याव्यात. मृताच्या उत्पन्नाचा पुरावा हा सर्वांत दुबळा दुवा असतो. बँकेचे पासबुक, बाजार समितीच्या पावत्या, मालकाचा पगाराचा दाखला, जे असेल ते जपून ठेवावे. उपचारांसाठी ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या योजनेत प्रत्येक जखमीस पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची तरतूद आहे.

गेलेला माणूस कोणत्याही रकमेने परत येत नाही. परंतु मुलांचे शिक्षण आणि घराची चूल चालू राहणे हे बहुधा याच रकमेवर अवलंबून असते. ट्रकमालकाने हप्ता भरलेला असतो तो अशाच प्रसंगासाठी. ती भरपाई मागणे हा पीडित कुटुंबाचा हक्क आहे आणि तो पूर्णपणे, मुदतीत बजावला पाहिजे.